अकरा जूनचं दोघांचं टेबल

जहाजावरच्या जेवणाची जागा तीन महिने आधी राखून ठेवावी लागते हे व्हर्नन क्रिगबाउमला पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्याला बरंच वाटलं. जगात अजून कुठेतरी शिस्त शिल्लक आहे म्हणायची. एकतीस वर्षं त्याने काउंटीच्या बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे काढली होती. घराला मागे डेक, म्हणजे लाकडी ओटा, लावायचा असो की कुत्र्याला खोपटं बांधायचं असो, ओहायोच्या त्या कोपऱ्यातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्याच्यासमोर उभा राहिला होता, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी व्हर्ननने कागदावरून नजर न उचलता सांगितलं होतं, "फॉर्म अपुरा आहे." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत त्याला कुणी एक फॉर्म दाखवला नव्हता.

जहाजावर मोठं भोजनगृह असतं. तिथे कुणीही जावं, बसावं, पोटभर खावं. पण त्याशिवाय चार लहान, खास उपाहारगृहं असतात. तिथे वेगळे पैसे पडतात, उजेड कमी असतो आणि ताटात पदार्थही कमी असतात. त्यामुळे तिथे जायला झुंबड उडते. हे सगळं ज्ञान व्हर्ननला त्याच्या साडूकडून मिळालं. साडूकडून म्हणजे वेंडेल प्रूएटकडून.

वेंडेलने बारा वेळा जहाजाची सफर केली होती. बारा सफरी झाल्या की कंपनी सोनेरी पट्टीचं कार्ड देते. ते कार्ड गळ्यात अडकवून वेंडेल किराणा आणायला जातो, असं व्हर्ननचं म्हणणं. मॅक्सीनचं, म्हणजे वेंडेलच्या बायकोचं म्हणणं की एकदाच गेला होता, आणि तोही विसरून. जन्मभर त्याने फर्निचरच्या दुकानात गाद्या विकल्या होत्या. अनोळखी माणसाला बूट काढून भर दुकानात आडवं व्हायला लावणं हा त्याचा व्यवसाय, त्यामुळे समोरच्याला नाही म्हणता येतं ही गोष्ट त्याच्या कधी लक्षातच आली नव्हती.

मॅक्सीन ही व्हर्ननच्या बायकोची, लोरेटाची थोरली बहीण. दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये, एकाच केकवर झाली. त्यांच्या वडिलांना सूट घालायचा कंटाळा होता, आणि एका सुटात दोन मुली उजवल्या हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. तेव्हापासून अकरा जून हा चौघांचा दिवस झाला. दर वर्षी चौघं मिळून जेवायला जात. वेंडेल जागा निवडत असे, वेंडेल पदार्थ मागवत असे आणि वेंडेल बोलत असे. यंदा चाळिसावं वर्ष होतं, म्हणून जहाज.

मार्चमधल्या एका सकाळी वेंडेलचा फोन आला.

"ऐक रे," तो म्हणाला. फोनवर तो समोरचा बहिरा असल्यासारखा बोलत असे, त्यामुळे लोरेटालाही सगळं ऐकू येत होतं. "सोनेरीवाल्यांना पाच दिवस आधी बुकिंग करता येतं. मी तुमचं नि आमचं एकत्र जोडून टाकलंय. आता तुम्ही काही करायचं नाही. पहिल्या दिवशी जपानी, तिसऱ्या दिवशी इटालियन, आणि अकरा तारखेला फ्रेंच. साडेसात वाजता, चौघं. अगदी मधलं टेबल मागितलंय. सगळ्यांना दिसलो पाहिजे आपण!"

व्हर्ननने आभार मानून फोन ठेवला. लोरेटा टोस्टला लोणी लावत होती.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"अकरा तारखेला चौघं नाही. आपण दोघंच." तिने टोस्ट उलटा केला आणि चुकून दुसऱ्या बाजूलाही लोणी लावलं. "चाळीस वर्षांत लग्नाच्या वाढदिवसाला मी एकदाही फक्त तुझ्याबरोबर जेवलेली नाही. त्या फ्रेंच जागेत खिडकीशी दोघांची टेबलं असतात. मला त्यातलं एक पाहिजे."

"मग मॅक्सीनला सांग तसं."

"सांगते ना. आधी टेबल तर मिळू दे. टेबल नसताना कशाला तिला दुखवू?"

या म्हणण्यात व्हर्ननला कार्यालयीन दृष्ट्या काहीच चूक दिसली नाही. आधी परवाना, मग खोदकाम. आणि खरं सांगायचं तर त्याला आतून गुदगुल्या झाल्या. चाळीस वर्षांनी बायकोला आपल्याबरोबर एकटीने जेवावंसं वाटतं, ही गोष्ट कुठल्याही माणसाने गंभीरपणे घ्यावी अशीच आहे.

सोनेरी पट्टी नसलेल्या सामान्य जनतेसाठी बुकिंग मंगळवारी दुपारी बाराला उघडणार होतं. व्हर्ननने सोमवारीच एका पिवळ्या पॅडवर सगळी माहिती लिहून काढली. तो कुंपणापाशी कचऱ्याचा डबा ओढत असताना शेजारच्या मिसेस पिकरेलनी हटकलं. मिसेस पिकरेल अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नसे.

"घरच्या इंटरनेटवर करणार आहेस? वेडा आहेस का?" त्या म्हणाल्या. "वारा सुटला की आपल्या गल्लीतलं इंटरनेट जातं. माझ्या नवऱ्याची मावसबहीण होती ना, तिचं अख्ख्या अलास्का सफरीचं बुकिंग एका मिनिटात हातचं गेलं. बाराला बसली आणि बारा वाजून एक मिनिटाला काही उरलं नाही."

"मग काय केलं तिने?"

"काय करणार? गेली अलास्काला, आणि सात दिवस सॅलड खाऊन आली. तू वाचनालयात जा. तिथली लाइन जमिनीखालून येते."

व्हर्ननला हा सल्ला पटला, कारण तो जमिनीखालून येणाऱ्या गोष्टींवर होता आणि त्या विषयात त्याला थोडी गती होती. मंगळवारी पावणेअकरालाच तो वाचनालयात हजर झाला. नोंदवहीत सही केली, खिडकीजवळचा संगणक पकडला, पॅड समोर ठेवलं आणि तो वाट पाहत बसला. वेळेआधी सव्वा तास येणं ही त्याची आयुष्यभराची पद्धत. तीच त्याला भोवली.

पावणेबाराला खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं. वाचनालयाची व्यवस्थापिका जोलीन हफ उभी होती.

"मिस्टर क्रिगबाउम, तुमचा तास संपला."

"अहो, पण मी अजून काही सुरूच केलेलं नाही. माझं काम बाराला आहे."

"एका माणसाला एक तास. मागे लोक थांबलेत." मागे एक म्हातारा थांबला होता. त्याला आपले पूर्वज शोधायचे होते. ते पूर्वज आणखी पंधरा मिनिटं थांबले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं.

"पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे," व्हर्नन म्हणाला.

"आणि माझा दोन इंचांचा प्रश्न होता," जोलीन शांतपणे म्हणाली. "मागच्या डेकचा कठडा. दोन इंच कमी होता. तुम्ही आख्खा डेक उतरवायला लावलात. आठवतंय?"

व्हर्ननला आठवत नव्हतं. असे कठडे त्याने शेकड्याने उतरवले होते. पण आठवत नाही म्हणणं अधिकच वाईट दिसलं असतं.

"तो नियम होता," तो म्हणाला.

"हो ना. हाही नियमच आहे."

व्हर्नन उठला. आपल्या जागी आपणही हेच केलं असतं हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळे त्याला मनासारखं चिडताही येईना. जोलीन मात्र वाईट बाई नव्हती. तिने सांगितलं की मुलांच्या विभागातला संगणक रिकामा आहे आणि त्याला वेळेची मर्यादा नाही.

मुलांच्या विभागातली खुर्ची लाल होती आणि तिची उंची व्हर्ननच्या नडगीइतकी होती. तो बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले. पडद्याच्या कडेला हसऱ्या बेडकाचं चित्र चिकटवलेलं होतं. शेजारी गालिच्यावर आठ-दहा पोरं गोष्ट ऐकत बसली होती. ती गोष्ट सोडून व्हर्ननकडे बघू लागली. ठीक बाराला त्याने कंपनीचं पान उघडलं. तारीख निवडली. अकरा जून. फ्रेंच उपाहारगृहावर टिचकी मारली.

पडद्यावर मोठी अक्षरं आली. "अरेरे! हे पान लहान मुलांसाठी योग्य नाही. मोठ्या माणसाला हाक मार."

त्या पानावर वाइनची यादी होती. व्हर्ननने पुन्हा टिचकी मारली. पुन्हा अरेरे. तिसऱ्या वेळी संगणकातून घंटा वाजली आणि गोष्ट सांगणारी बाई धावत आली. एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "ते आजोबा वाईट चित्रं बघतायत."

यानंतर वाचनालयात थांबण्यात अर्थ नव्हता. व्हर्नन सरळ बाहेर गाडीत जाऊन बसला. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. त्याने पॅड मांडीवर घेतलं आणि कंपनीला फोन लावला. तुमचा फोन आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, असं एक बाई त्याला दर दोन मिनिटांनी सांगत होती. पन्नास मिनिटं. गाडीच्या काचा आतून धुक्याने भरल्या. एकदा काचेवर टकटक झाली आणि मिसेस पिकरेल हातात तीन खुनाच्या कादंबऱ्या घेऊन आत डोकावल्या. "मिळालं का रे?" त्यांनी विचारलं. व्हर्ननने नकारार्थी मान हलवली. "सॅलड," असं म्हणून त्या गेल्या.

शेवटी शनील नावाची एक मुलगी फोनवर आली. आवाज फार गोड होता.

"सर, अकरा जूनला तुम्हाला दोघांचं टेबल देता येत नाही. तुम्ही आधीच जेवताय."

"मी कुठे जेवतोय?"

"फ्रेंचमध्येच, सर. साडेसातला. चार जण. मिस्टर प्रूएटच्या गटात आहात तुम्ही. एक माणूस एका वेळी दोन टेबलांवर नाही जेवू शकत."

"मला त्या गटातून बाहेर पडायचंय."

"तुम्ही मिस्टर प्रूएट आहात का?"

"नाही. त्यांचा साडू."

पलीकडे कळफलकावर बोटं वाजली. शनीलच्या यादीत हे नातं नसावं. मग ती म्हणाली, "चालेल, सर. गटातल्या कुणालाही बाहेर पडता येतं. मी एक निवेदन वाचते, तुम्ही मान्य आहे म्हणा." आणि तिने ते वाचलं. लांबलचक होतं. एकतीस वर्षं व्हर्ननने माणसांना बजावलं होतं की सही करण्याआधी खालचा बारीक मजकूर वाचा. पण बारीक मजकूर असा गोड आवाजात कानात कुणी वाचला, तर माणूस ऐकत नाही, नुसतं बरं वाटून घेतो.

"मान्य आहे," व्हर्नन म्हणाला.

"झालं, सर. अरे वा! आत्ताच जागा मोकळी झाली. साडेसात वाजता, खिडकीजवळ, दोघांचं टेबल. देऊ?"

व्हर्नन घरी आला तो जवळजवळ शीळ घालतच. लोरेटाने त्याच्या गालाचा मुका घेतला. "आता सांगते मॅक्सीनला," ती म्हणाली. "उद्या सांगते. रविवारी सांगते. समोरासमोर बरं पडतं."

संध्याकाळी पाच वाजता वेंडेलचा फोन आला.

"सगळं गेलं!" तो ओरडला. "जपानी, इटालियन, फ्रेंच, सगळं! मेल आलाय. काय म्हणतात माहितीये? 'प्रवाशाच्या विनंतीनुसार रद्द.' कोण प्रवासी? कसली विनंती? मी सोनेरी आहे रे!"

एक जण बाहेर पडला की गटाचं सगळंच बुकिंग रद्द होतं, हे त्या बारीक मजकुरात असणार, आणि जागा आत्ताच मोकळी झाली म्हणजे कुणाची झाली, ते व्हर्ननला त्या क्षणी समजलं. त्याने तोंड उघडलं. पण वेंडेल बोलत असताना तोंड उघडून काही उपयोग नसतो हा चाळीस वर्षांचा अनुभव, त्यामुळे ते आपोआप मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल स्वतःच आला. बगलेत फाइल, गळ्यात कार्ड. रात्रभर झोपला नसावा. तीन वेळा फोन करून झाला होता. तिन्ही वेळा त्याला सांगण्यात आलं होतं की लेखी तक्रार करा.

"आता तूच," तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत म्हणाला. "मला गादी विकता येते, पत्र लिहिता येत नाही. तू सरकारी माणूस. या लोकांना कुठे दाबायचं ते तुला कळतं. लिही."

लोरेटा कॉफी ओतत होती. ती कपाच्या बाहेर गेली.

आता इथे व्हर्ननची बाजू नीट समजून घ्यायला हवी. त्याला सांगून टाकायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला होता आणि म्हणालं होतं, लिही. त्याने पेन उघडलं. पहिलं वाक्य असं काही ठाशीव उतरलं की दुसरं लिहिल्यावाचून राहवेना. तासाभरात पत्र तयार झालं. तारखा, क्रमांक, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, आणि पाच कलमं. पाचवं कलम असं होतं: "सदर रद्दीकरण कोणाच्या विनंतीवरून, कोणत्या दिवशी व किती वाजता करण्यात आले, याचा तपशील नावासह लेखी कळवावा."

वेंडेलने ते दोनदा वाचलं. "पाचवं तर जबरदस्त आहे!" तो म्हणाला आणि त्याने व्हर्ननला मिठी मारली. "सापडू दे तो. नुसता सापडू दे."

तो गेल्यावर लोरेटाने टेबलावरचे कप उचलले.

"ते पाचवं कलम कशाला घातलंस?"

"त्याच्याशिवाय पत्र अपुरं राहिलं असतं," व्हर्नन म्हणाला.

पुढचे दहा दिवस, मधला रविवार धरून, त्याने रोज ठरवलं की आज वेंडेलला सांगायचं. एकदा तो वेंडेलच्या घरासमोर गाडी उभी करून बसलाही होता, पण वेंडेलच बाहेर आला आणि त्याने इतक्या आपुलकीने पत्राबद्दल पुन्हा आभार मानले की व्हर्नन त्याच्याकडून एक करवत उसनी घेऊन परत आला. करवतीचं त्याला काही काम नव्हतं. लोरेटाही मॅक्सीनशी रोज फोनवर बोलत होती, आणि रोज हवामानावर येऊन थांबत होती.

अकराव्या दिवशी पुन्हा रविवार होता. रविवारचं जेवण प्रूएटांकडे असे. पॉट रोस्ट, कुस्करलेले बटाटे, घेवडा. मॅक्सीनने वाढलं. तिने व्हर्ननच्या ताटात बटाटे ठेवले ते जरा जोरात ठेवले. वेंडेल बोलत नव्हता. हा प्रकार इतका नवा होता की व्हर्ननला आधी वाटलं, याचा दात दुखतोय.

मग वेंडेलने खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि वाचलं.

"'मुद्दा क्रमांक पाच. सदर विनंती मंगळवारी दुपारी बारा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मिस्टर व्हर्नन क्रिगबाउम यांनी दूरध्वनीवरून केली. संभाषणात त्यांनी आपण मिस्टर प्रूएट यांचे साडू असल्याचे सांगितले.'" त्याने चष्मा काढला. "कागदावर लिहिलंय. साडू."

 व्हर्ननचे कान तापले होते. खिडकीच्या या बाजूला उभं राहिलं की माणसाला कसं वाटतं, हे त्याला एकाच महिन्यात दुसऱ्यांदा कळत होतं.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "तुझं सगळं जाईल हे मला माहीत नव्हतं. ती बाई वाचत होती तेव्हा मी ऐकलं नाही. पण नंतर कळल्यावर सांगायला हवं होतं."

"आणि वर तू मला पत्र लिहून दिलंस! मी तुला मिठी मारली रे!"

"त्याला काही बोलू नका," लोरेटा म्हणाली.  "मीच सांगितलं होतं त्याला. मला एकदा, फक्त एकदा, त्या दिवशी माझ्या नवऱ्याबरोबर जेवायचं होतं. तुमच्याशिवाय."

मॅक्सीनने चमचा खाली ठेवला आणि ती उठून आत गेली. लोरेटा तिच्यामागे गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला, आणि त्यातून मधे मधे बोलणं.

"मला सांगायचंस की नाही? मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुला वाईट वाटलं असतं, मॅक्सी."

"वाटलंच आहे! पण तुला काय वाटतं, मला कधी तसं वाटलं नाही?" नळ बंद झाला. "वाटायचं. पण तुम्ही नसलात की तो माझ्याशी बोलत नाही गं. तुम्ही आलात की सुरू होतो, तुम्ही गेलात की टीव्ही लावतो. त्याच्याबरोबर एकटीने दोन तास बसायचं, म्हणजे मला... मला भीती वाटते."

बाहेर टेबलाशी बसलेल्या दोन्ही पुरुषांना यातला शब्दन् शब्द ऐकू आला. वेंडेल आपल्या ताटातल्या घेवड्याकडे बघत होता. मग त्याने अगदी हळू विचारलं, "मी फार बोलतो का रे?"

व्हर्ननने विचार केला. खोटं बोलून दोन आठवड्यांत बरंच काही होऊन बसलं होतं.

"आम्ही असतो तेव्हा, हो," तो म्हणाला.

वेंडेलने तो कागद पुन्हा उचलला. "खाली आणखी आहे," तो म्हणाला. "'आपले पत्र आमच्या कार्यालयात आदर्श तक्रार म्हणून सर्वांना वाचून दाखवण्यात आले. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. भरपाई म्हणून अकरा जून रोजी फ्रेंच उपाहारगृहात साडेसात वाजता आपणास व सौभाग्यवतींना दोघांचे टेबल देत आहोत.'" तो थांबला. "दोघांचं," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचा चेहरा, एखाद्याला पोहता येत नसताना पाण्यात उतरायला सांगावं तसा झाला.

व्हर्ननला अपराधी वाटत होतंच. पण आदर्श तक्रार हे शब्द ऐकून त्याची पाठ जराशी ताठ झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

*

अकरा जूनला समुद्र शांत होता. व्हर्नन आणि लोरेटा साडेसातला पाच मिनिटं कमी असताना फ्रेंच उपाहारगृहाच्या दाराशी आले. लोरेटाने निळा पोशाख घातला होता. वेटरने त्यांना खिडकीशी नेलं. खिडकीबाहेर पाणी होतं, त्यावर मावळतीचा तांबूस उजेड होता, आणि दोघांच्या टेबलापासून बरोबर एक फुटावर दुसरं दोघांचं टेबल होतं. तिथे वेंडेल आणि मॅक्सीन आधीच येऊन बसले होते.

"जागा त्यांनीच दिली," वेंडेल घाईघाईने म्हणाला. "मी काही मागितलेली नाही."

असं ठरलं की दोन टेबलांमध्ये बोलायचं नाही. मॅक्सीननेच ठरवलं. "तुम्ही तिकडे बघा, आम्ही इकडे बघतो," ती म्हणाली. शेजारच्याच्या ताटातलं मीठ मागता येईल इतक्या अंतरावर बसून चौघांनी चार दिशांना पाहायला सुरुवात केली.

वेटर आला आणि त्याने व्हर्ननला विचारलं, काय घेणार. व्हर्ननने यादी उघडली. आजवर वेंडेलनेच सगळ्यांचं मागवलं होतं.

"तुला बदक आवडतं का?" त्याने लोरेटाला विचारलं.

"मला माहीत नाही," लोरेटा म्हणाली. "मी कधी मागवलंच नाही."

"मग मागव."

तिने बदक मागवलं. मग दोघांनाही काही सुचेना. व्हर्ननने रुमाल उलगडला. लोरेटा पाणी प्यायली. चाळीस वर्षांत जेवताना ज्या काही विषयांवर ते बोलले होते, त्यातले बहुतेक वेंडेलने काढलेले होते. बदक आलं. मग लोरेटा म्हणाली की हे बदक आहे खरं, पण त्याच्यावर संत्री कुणी का ओतली असतील, आणि व्हर्नन म्हणाला की चव झाकायला, आणि ती हसली. मग तिने विचारलं की निवृत्त झाल्यापासून तू सकाळी साडेसहाला उठून खाली जाऊन काय करतोस. त्याने सांगितलं की काही नाही, गॅरेजमध्ये उभा राहतो. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. मग ती म्हणाली, मला उठवत जा, दोघं उभे राहू. हे बोलणं काही फार मोठं नव्हतं, पण ते दोघांचंच होतं आणि ते संपेना.

शेजारच्या टेबलावर पहिली वीस मिनिटं फक्त काटे वाजत होते. व्हर्ननने कटाक्षाने तिकडे पाहिलं नाही. मग वेंडेलचा आवाज आला. तो इतका हळू होता की व्हर्ननला वाटलं, दुसराच कुणी आहे. काय बोलतोय ते कळत नव्हतं. मॅक्सीनचं उत्तर आलं, तेही कळलं नाही. मग ती हसली. दुकानात गादीवर आडव्या झालेल्या गिऱ्हाईकाने हसावं तसं, जरा लाजून.

"काय म्हणाला?" लोरेटाने ओठ न हलवता विचारलं.

"ऐकू नाही आलं."

"बघ की जरा."

"बघायचं नाही असं ठरलंय."

खुर्च्या सरकल्या. वेंडेल आणि मॅक्सीन उठले होते. वेंडेलने तिचा हात धरला होता, आणि दोघं या टेबलाकडे ढुंकूनही न बघता, टेबलांमधून वाट काढत बाहेर डेककडे निघून गेले. काचेपलीकडून ते कठड्याशी उभे असलेले दिसले. वेंडेल हातवारे करत काहीतरी सांगत होता आणि मॅक्सीन मान वर करून ऐकत होती.

लोरेटा तिकडेच बघत होती. तिचा चेहरा जरासा उतरला होता.

"निदान सांगून तरी जायचं," ती म्हणाली.

"हो ना," व्हर्नन म्हणाला. त्यालाही लागलं होतं.

तेवढ्यात वेटर दोन ताटल्या घेऊन आला. गरम, फुगलेली, वर साखर भुरभुरलेली सुफ्ले. ती त्याने शेजारच्या टेबलावर ठेवायला घेतली आणि रिकाम्या खुर्च्या पाहून तो गोंधळला. ही फार वेळ फुगलेली राहत नाहीत, खाली बसतात, असं तो व्हर्ननला म्हणाला. त्या मंडळींना बोलावू का?

"नको," लोरेटा म्हणाली. "बोलू द्या त्यांना." तिने आपली ताटली बाजूला सरकवून जागा केली. "आमच्या घरचेच आहेत ते. इकडे ठेवा."